बर्नाडच्या होडीच्या दोन नळ्या

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग सांगतो. मी काय शेण खाल्लं ते ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही.

मी बोरिवलीचा. अंधेरीला पंपांच्या कंपनीत ड्रॉइंगं काढतो. म्हणजे पाणी कुठून येतं नि कुठून जातं ते आम्हाला विचारायचं, असा माझा समज. माझा कॉलेजचा दोस्त बर्नाड मनोरीला वडिलांच्या मागे त्यांची होडी चालवतो. एक दिवस त्याचा फोन.

"यार, होडीच्या मागच्या फळीतल्या दोन्ही नळ्या सडल्यात. रविवारी फादर होड्यांना आशीर्वाद द्यायला येणार आणि आमचा मिस्त्री गावाला."

नळ्या म्हणजे काय, तर होडीत साचलेलं पाणी जायला मागच्या फळीत तळाशी दोन भोकं असतात, त्यांत पितळी नळ्या. होडी रेतीवर असली की त्या उघड्या. पाण्यात घालताना आतून बूच मारायचं. बस, एवढंच.

"मिस्त्री कशाला? मी आहे ना."

"आपल्या बेसिनचं काय झालं ते पण सांग त्याला," आतून बायको म्हणाली. मी सांगितलं नाही.

जुन्या नळ्यांचं माप मागवलं, नव्या नळ्या मोजून घेतल्या आणि शनिवारी मार्वेहून फेरीबोट पकडली. अंगात कंपनीचा टी-शर्ट. पाठीवर छापलेलं, 'एक थेंबही गळणार नाही'. काय सांगू, लग्नाला निघालो तेव्हाही एवढा खूश नव्हतो.

जुन्या नळ्या ठोकून काढल्या. नव्या कशा बसल्या म्हणता? झकास! कडेने सिलिकॉन भरलं, दुपारभर सुकू दिलं आणि होडीत आठ बादल्या पाणी ओतलं. दोन्ही नळ्यांतून धो धो बाहेर. शेजारच्या होडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

"बूच लावून बघायचं का?" बर्नाडने विचारलं.

त्याची आई, रोझीमावशी, तिथेच जाळं निवडत होती. "बुचं मेरीआईच्या पुढ्यात हायेत. उद्याच खाली येतील."

ही त्यांच्या घरची रीत. बर्नाडच्या वडिलांनी स्वतः तासलेली ती लाकडी बुचं. पावसाळाभर जपमाळेसोबत देवापुढे असतात. मावशीने मला बजावलं, "बघ हां बाबा. पयल्या दिवशी होडीत पाणी शिरलं तर वर्षभर जालं रिकामं येतं."

"मावशी, बुचं लावून बघायची गरजच नाही. मी मोजलंय."

खरंच मोजलं होतं हो. बाहेरून. जुनी नळी जाड पत्र्याची, नवी पातळ पत्र्याची. बाहेरून दोन्ही सारख्या, पण आतून नवीचं भोक केवढं मोठं! आणि बूच कुठे बसतं? आत. पंपाच्या कंपनीत बारा वर्षं काढलीत मी.

रविवारी होड्या रांगेने पाण्याच्या कडेला. आमची बर्फ, डिझेल, जाळी भरून तयार. भरती चढत होती. फादर दोन होड्या पलीकडे पोचले, तशी मावशीने बुचं पदरातून काढून बर्नाडला दिली. त्याने पहिलं बूच नळीत घातलं. ते सरळ पलीकडे गेलं आणि समुद्रात तरंगायला लागलं.

दुसरंही गेलं.

बर्नाड माझ्याकडे बघायला लागला. नळ्यांतून पाणी आत यायला लागलं. भरलेली होडी मागे ओढायची सोय नाही. पाणी बाहेर जातं का ते मी आठ बादल्या ओतून बघितलं होतं. आत येतं का, ते कोण बघणार? मावशीचा चेहरा बघवेना. मी उडी मारली, होडीत पालथा पडलो आणि दोन्ही हात पसरून दोन नळ्यांत दोन अंगठे कोंबले.

पाणी थांबलं. आणि फादर आले.

प्रार्थना झाली, पवित्र पाणी शिंपडलं. मी तसाच.

"हे कोण? फार भक्तिभावाने पडलेत," फादर म्हणाले. "उठा आता."

"नको फादर," बर्नाड म्हणाला. "तो उठला तर आम्ही बुडू."

अख्खा किनारा हसला. फादरांनी वाकून माझ्या दोन्ही अंगठ्यांवर वेगळं पाणी शिंपडलं. मावशी मात्र हसली नाही. ती कंबरभर पाण्यात जाऊन बुचं घेऊन आली, माझ्या अंगातला टी-शर्ट फाडून काढला, पट्ट्या बुचांना गुंडाळल्या आणि ठोकून बसवल्या. एक थेंब गळला नाही. संध्याकाळी होडी बोंबील भरून आली, तेव्हा कुठे ती माझ्याशी बोलली. मी उघडाच फेरीबोटीने परतलो.

पुढे मिस्त्रीने अर्ध्या तासात नळ्या बदलल्या. त्याला आता वर्ष झालं, विषय संपला असं मला वाटलं होतं. परवा बर्नाडचा फोन आला.

"या रविवारी फादर येतायत. तू पण ये. आईने मुद्दाम सांगितलंय, पाना-पक्कड काही आणू नको."

"मग काय आणू?"

"अंगठे."