न बसलेला हात

चित्रकलेच्या क्लासला रोज शंभर उभ्या रेघा काढायच्या, खोडरबर न वापरता. आजही सर 'बरं' म्हणाले नाहीत, तर क्लास सोडायचा, असं ठरवूनच मी आले होते.

सर माझ्या वहीपाशी थांबले. "हात अजून बसला नाही तुझा."

मी घाईने तळहात कागदावर टेकवला. मागची मुलगी हसली. "अगं इंग्लिश मीडियम, हात बसणं म्हणजे सवय होणं."

माझे कान तापले. मराठीही माझ्या तोंडात अशीच, न बसलेली. चुकेल म्हणून निम्मी वाक्यं मी गिळते. वहीतल्या रेघाही तशाच, मध्येच थांबलेल्या.

सर हसले नाहीत. "आत्ता टेकवलास ना हात, तशीच बेधडक रेघ ओढ. उद्या दाखव."

मी नुसती मान हलवणार होते. "हो सर, उद्या शंभर रेघा दाखवते," मी म्हणाले. वाक्य शेवटापर्यंत गेलं.