सहा कोरवाला सेकंड माल

भिवंडीत धामणकर नाक्यावरच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात चाचा शिरले की आधी खिशात हात जायचा आणि पितळेचं घडीचं भिंग बाहेर यायचं. कापडाचे धागे मोजायचं भिंग ते. मी काउंटरवर प्रोसेसरचा डबा ठेवला की चाचा त्यावर भिंग टेकवून, एक डोळा मिटून बारीक छपाई वाचत बसायचे. मग दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघायचे.

"कंपनी काय आपली खाला लागते?"

खाला म्हणजे मावशी. हे वाक्य दरवेळचं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, भाव विचारणारा आणि काही न घेणारा. चाचा दर जुम्म्याला शुक्रवारची नमाज आटोपून यायचे, भाव विचारायचे, "नवीन कुठला येतोय?" म्हणायचे आणि निघून जायचे. मला दाट संशय होता की हा माणूस माझे भाव समोरच्या दुकानात पोचवतो. एकदा मी मुद्दाम चुकीचा भाव सांगितला आणि आठवडाभर समोरच्या बोर्डावर नजर ठेवली. तिथे काही हललं नाही. पुढच्या जुम्म्याला चाचाच म्हणाले, "मागच्या टायमाला वेगळा बोल्लास. माझी परीक्षा घेतोस काय?" चोराच्या मनात चांदणं. मी उगाच कीबोर्ड पुसायला घेतला.

नारपोलीत त्यांचे लूम होते. सगळं आयुष्य कापडात गेलेलं, त्यामुळे कुठलीही वस्तू तागा उलगडावा तशी उलगडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. एकदा मी त्यांना समजावत होतो की कोर म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे हात. आठ कोरवाला महाग, सहावाला स्वस्त. बरेचदा आतली चिप एकच असते. एखादा कोर बिघडलेला निघाला की दोन बंद करतात आणि तीच चिप सहाची म्हणून विकतात.

चाचांनी टाळी वाजवली. "म्हंजे सेकंड माल!"

आमच्या भिवंडीत बिनडागाचं कापड फ्रेश आणि खोट निघालेलं सेकंड, हे कुणालाही शिकवावं लागत नाही.

"आनि बिघडलेला कमी निघाला तर? गिऱ्हाईक सहावालाच मागतोय, मंग?"

मी डबा उलटा करून बघू लागलो.

"मंग चांगल्याचेच दोन बंद करत असतील. अरे, मंदीत मी काय केला? फ्रेश कोन घेईना, सगळ्यांना सेकंड पायजे. अख्ख्या थप्पीवर शिक्का मारला, सेकंड. एक धागा तुटलेला नव्हता. मी मारला, तर कंपनी न्हाय मारनार?"

त्या दिवसापासून कंपन्यांवरचा माझाही विश्वास उडाला. पुढच्या मॉडेलची बातमी आली की मीच चाचांची वाट बघायचो. नव्या प्रोसेसरात आठ मोठे कोर, सोळा लहान आणि डब्यावर आकडा चोवीसचा, हे ऐकून ते स्टुलावरून उठलेच. "आठ कारागीर, सोळा हेल्पर, नि पाटीवर चोवीस कारागीर? असा बोर्ड मी लावला असता तर यापाऱ्याने चपलेनं मारला असता!" नव्या प्रोसेसरला मदरबोर्डही नवा लागतो, कारण तो ज्यात बसतो तो खालचा सॉकेट बदललाय, हे कळल्यावर म्हणाले, "नवरी आनली म्हनून घर पाडायचा?"

मग एका जुम्म्याला त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी आली. ती कॉम्प्युटरवर साड्यांच्या काठांची डिझाइनं काढायची. घरचं जुनं मशीन मोठं डिझाइन उघडलं की अडकायचं.

"काका, मला बंगळूरला नोकरी मिळतेय," ती म्हणाली. "घरी नीट मशीन असलं तर मी इथूनच काम घेईन. नाहीतर जाईन."

"घेनारच हाय," चाचा म्हणाले. "पन माझ्या पोरीला सेकंड न्हाय चालनार. नवीन येऊ दे, आताच्या वरच्याचा भाव पडंल, मंग वरचाच घेऊ."

"चाचा, तिचं काम सहावाल्यावर पळेल हो."

"तू तर दुकानदार. तू काय माझी खाला लागतोस?"

नवीन आला. पण तोवर त्याच्याही पुढच्याची बातमी आली होती, आणि चाचा म्हणाले, "जरा दम खा." पोरीने खाल्ला तेवढा खाल्ला. मग ती बंगळूरला गेली.

त्यानंतर चाचा आले ते एका मंगळवारी. भिंग काढलं नाही, भाव विचारला नाही. "वरचा दे. त्याच्यासंगं लागतो तो सगळा दे." मी म्हटलं, जोडून घरी आणून देतो. "न्हाय. ती ईदला येल, तिच्यासमोर जोड." सगळे डबे मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले. मला त्यांचा फार राग आला, आणि तितकीच कीवही.

ईदला तिला धड सुट्टी मिळाली नाही. ती आली तशी गेली, डबे खोलायचे राहून गेले. थंडीत चाचा गेले. छातीत कळ आली एवढंच झालं.

चाळिसावं झाल्यावर मुलीचा फोन आला. अम्मी एकटी आहे, नोकरी सोडलीय, मशीन जोडून द्या. मी घरी गेलो. कोपऱ्यात डब्यांवर एक पांढरं कापड घातलेलं होतं. त्याच्या काठावर निळा शिक्का होता, सेकंड. मी कापड हातात घेऊन उजेडात धरलं. कुठे एक धागा तुटलेला नव्हता.

डब्यांची सीलं तशीच होती. मी प्रोसेसर बाहेर काढला तेव्हा तिने फडताळातून पितळेचं भिंग आणलं, चिपवर टेकवलं आणि एक डोळा मिटून अक्षरं वाचली.

"अब्बा म्हणायचे, आपण घेतला की भाव पडतो. पडला का हो, काका?"

पुढचा प्रोसेसर बाजारात येऊन गेला होता. ह्याचा भाव चांगलाच उतरला होता.

"न्हाय," मी म्हटलं. "हा काय पडला न्हाय. चाचांनी बरोबर टायमाला घेतला."

तिने भिंग खाली ठेवलं आणि दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी त्यांच्यासारखंच.

"काका," ती म्हणाली, "दुकानदार काय आपली खाला लागतो?"

तिचे डोळे भरले होते. मी मान खाली घालून प्रोसेसरवरच्या पंख्याचे स्क्रू आवळत राहिलो.