बंद खोलीत जेवणारं मूल

चहाचा कप आधी खाली ठेवा बघू. मागच्या खेपेला हे ऐकताना एका मैत्रिणीला असा ठसका लागला की माझ्या नव्या सोफ्यावर अजून डाग आहे. हसायचं तर खुशाल हसा, पण माझ्यावरच हसा. कारण या सगळ्या भानगडीत दुसऱ्या कुणाचीही चूक नव्हती. मी शोधली. खूप शोधली. नव्हती!

तर मी इकडे उत्तरेत, पंचकुल्यात एका निवासात केअर मॅनेजर आहे. वृद्धाश्रम म्हणायचं नाही हं, आमच्या संचालिका गिल मॅडम लगेच टोकतात. आमच्याकडे आजी-आजोबा आपापल्या खोलीत, आपापल्या सामानासकट राहतात. आंघोळ, औषधं, चालणं, जिथे लागेल तिथे मदतीला आमची माणसं. आणि ही मदत नियमाप्रमाणे होतेय ना, यावर दिवसभर संशय घेत बसणं हे माझं काम. ज्या स्वभावापायी माझा नवरा लग्नापासून वैतागलाय, त्या स्वभावाला कुणी पगार देतंय म्हटल्यावर मी कशाला सोडते?

घरी तरी काय वेगळं? आम्ही मनीमाजऱ्यात राहतो. नवरा निखिल मोहालीला आयटीत. मुलगा ईशान तीन वर्षांचा, मराठी सगळं कळतं, पण उत्तर देणार हिंदीत. आणि जेवण म्हटलं की तोंडाला कुलूप. त्याला सांभाळायला कमलेश येते. कमलेश बाई चांगली. पण ती चांगली आहे हे मला घराबाहेर असताना कळणार कसं? म्हणून मी फ्रिजवर कॅमेरा बसवला. फोनवर घर दिसतं, वाटलं तर मधूनच बोलताही येतं. ‘कमलेश, उसका मुँह पोंछो.’ ‘कमलेश, पंखा कम करो.’ बिचारी दचकायची आणि पंखा कमी करायची.

दुपारी मात्र माझी पंचाईत व्हायची. सकाळची पाळी जाते, दुपारची येते, तेव्हा आमची बैठक असते. कोणी औषध घेतलं नाही, कोणाचा पाय सुजलाय, सगळं एकमेकींना नीट सांगायचं. त्या वेळी सगळ्यांचे फोन टोपलीत. नियम कुणाचा? माझाच! आणि ईशानच्या जेवणाची वेळ नेमकी तीच.

संशयाची पहिली ठिणगी घरी पडली. एका संध्याकाळी मी दारात चप्पल काढतेय, तोच ईशान कमरेवर हात ठेवून म्हणाला,

‘अगं बाई! किती हा पसारा!’

मराठीत! माझा मुलगा! निखिलला वाटलं मी शिकवलं, मला वाटलं निखिलने.

‘कोणी शिकवलं रे तुला?’

‘आजी ने.’

आता आजी म्हणजे माझी आई असेल तर प्रश्नच नाही, ती तर फोन उलटा धरते. उरल्या सांगलीच्या सासूबाई. आणि दुसऱ्याच दिवशी कमलेशने माझ्या संशयाला खतपाणीच घातलं. पदर खोचून समोर उभी राहिली.

‘दीदी, या तो मुझ पे भरोसा करो, या खुद खिला लो. दो-दो जनी मेरे सिर पे मत बिठाओ.’

दो-दो जनी! ऐकलंत? एक मी. दुसरी कोण? कमलेशला विचारायचं सोडून मी गुप्त तपास सुरू केला. विचारलं असतं तर हा किस्साच घडला नसता, पण सरळ विचारणं आमच्या रक्तात नाही. रात्री सांगलीला फोन लावला.

‘आई, तुमचं आणि कमलेशचं बोलणं होतं का हो?’

‘कोण कमलेश?’

‘अहो, ईशानला सांभाळते ती.’

‘तिचा नंबर दिलायस का मला? दिवाळीत मागितला होता, तेव्हा विषय बदललास.’

बघा! मागितला होता म्हणजे हेतू होता!

‘नाही, ईशान म्हणत होता, आजीनं सांगितलं म्हणून...’

‘मग तुझ्या आईला विचार. आमचं कोण ऐकतंय त्या घरात!’

फोन ठेवला त्यांनी. निखिल माझ्याकडे बघत होता. ‘झालं समाधान?’ म्हणाला. झालं नव्हतं. इतक्या पटकन चिडणारं माणूस काहीतरी लपवत असतं, असं माझं ठाम मत होतं.

आता निवासात काय चाललं होतं बघा. आमच्याकडे तळमजल्यावर फाटककाकू राहतात. यजमान एअर फोर्समध्ये होते, बदलीवर इकडे आले आणि इकडचेच झाले. ते आता नाहीत, मुलगा टोरांटोला. काकूंच्या खोलीचं मागचं दार थेट बागेत उघडतं. बाहेर त्यांच्या कुंड्या, सकाळचं ऊन आणि एक वेताची खुर्ची. अख्ख्या निवासात माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या त्या एकट्याच.

तर एक दिवस त्यांच्याकडची अटेंडंट सिमरन माझ्या टेबलाशी येऊन कुजबुजली.

‘मैम, फाटक आंटी दरवाज़ा बंद करके किसी बच्चे को खाना खिलाती हैं.’

‘कौन सा बच्चा?’

‘मैम, वही तो. अंदर कोई है ही नहीं.’

पण नुसत्या ऐकीव गोष्टीवर मी विश्वास ठेवते होय! त्या दुपारी फोन टोपलीत टाकला, बैठकीतून सटकले आणि काकूंच्या दाराला कान लावून उभी राहिले. आत का नाही गेले? कारण दार वाजवल्याशिवाय कुणाच्याही खोलीत शिरायचं नाही, हा नियम. कुणाचा म्हणून विचारताय?

आतून काकूंचा आवाज आला.

‘आ कर. अंहं, मोठा आ! हा घास कुणाचा? चिऊचा! छे रे, दोडका कसला, हिरवा हत्ती आहे तो. गिळलास? जीभ दाखव. शहाणं गं माझं पिल्लू!’

मग एकदम, ‘अगं बाई, सांडलंन!’

काकू ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या मुलाला टक्कल पडलेलं. नातवंडं कॉलेजात. त्या दिवशी काकूंना भेटायला कोणी आलं नव्हतं, गेटवर दोनदा विचारून आले.

तुम्ही म्हणाल, ‘अगं बाई’ ऐकून तरी तुझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. अहो, महाराष्ट्रातल्या निम्म्या बायका ‘अगं बाई’ म्हणतात! मी कुणाकुणावर संशय घेऊ?

दुसऱ्या दिवशी काकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी सहज आल्यासारखं दाखवलं.

‘काकू, दुपारी कुणाशी गप्पा रंगतात हल्ली?’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि चक्क डोळा मारला.

‘जशी काही तुला माहीतच नाही!’

‘नाही हो, खरंच.’

‘बरं बाई, राहू दे आपल्यातच. मीही नाही बोलत कुणाला. पण काल दोडका खाल्लान हो आपल्या पिल्लानं. सगळा!’

आपल्या! म्हणजे भासात त्यांनी मलाही सामील करून घेतलं होतं.

आणि आदल्याच संध्याकाळी घरी कमलेश काय म्हणाली होती ठाऊक आहे? ‘दीदी, आज तोरी पूरी खा गया.’ तोरी म्हणजे दोडकाच. पण मी त्यावर आनंदसुद्धा मानला नव्हता. मनात आलं होतं ते एवढंच, की सांगलीहून काय सूचना येताहेत ते शोधून काढलं पाहिजे. दोन दोडके माझ्या नाकासमोरून गेले आणि मी एकाचा दुसऱ्याशी संबंध लावला नाही. तपास अधिकारी!

आमच्याकडचा नियम असा की रहिवाशाला नसलेली माणसं दिसायला लागली तर डॉक्टरांकडून तपासणी, आणि डॉक्टरांनी तसं म्हटलं तर वरच्या मजल्यावर. वरचा मजला स्वच्छ आहे, नर्स चोवीस तास आहे, पण दार बाहेरून बंद असतं. काकू एकदा मला म्हणाल्या होत्या, ‘वर सगळं छान आहे गं. पण मी आयुष्यभर दार उघडं टाकून जगले. बंद दारामागे मला श्वास नाही घेता येणार.’

हे आठवून पेन अडखळलं हो माझं. पण इन्स्पेक्शन तोंडावर आलेलं, माझी नोकरी अजून पक्की नाही, आणि बाई त्या अदृश्य मुलामागे बागेबाहेर गेल्या तर? मी अहवाल लिहिला. चांगला कडक लिहिला.

डॉक्टर बावा आले. काकूंच्या खोलीत आम्ही चौघं जमलो. काकू पलंगावर, डॉक्टर खुर्चीवर, गिल मॅडम खिडकीशी आणि मी अहवाल छातीशी धरून, दुःखी पण कर्तव्यदक्ष चेहऱ्याने.

‘आंटी जी, आज कौन सा दिन है?’

‘मंगलवार. कढी का दिन. और कढी में आज फिर नमक कम था, ये भी लिखो.’

नाव, गाव, मुलाचं नाव, शंभरातून सात वजा, काकू कुठे अडकेनात. मग डॉक्टरांनी आवाज मऊ केला.

‘दोपहर को आप किससे बात करती हैं?’

‘बच्चे से.’

‘किसका बच्चा?’

‘इसका,’ म्हणत काकूंनी माझ्याकडे बोट केलं.

मी गिल मॅडमच्या कानाशी लागले. ‘देखा मैम? अब मुझे भी जोड़ लिया.’ मॅडमनी च्‌ च्‌ केलं. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं. माझे डोळे भरून आले, खरंच आले.

तेवढ्यात काकूंनी घड्याळाकडे बघितलं. ‘एक मिनट हाँ, डॉक्टर. उसका खाना ठंडा हो जाएगा.’ आणि उशीखालून टॅब काढला.

तो टॅब माझा होता. कोपऱ्यात तडा गेलेला. टोरांटोच्या मुलाशी बोलताना काकूंना फोनवर चेहरा नीट दिसायचा नाही, म्हणून मीच घरचा जुना टॅब आणून दिला होता. देण्यापूर्वी त्यातला एकूण एक फोटो पुसला होता. गोपनीयता म्हणजे गोपनीयता! फक्त एक गोष्ट पुसायची राहिली होती. कॅमेऱ्याचं ॲप मी सगळ्यात आधी त्याच टॅबवर सुरू केलं होतं.

स्क्रीनवर माझं डायनिंग टेबल उगवलं. टेबलाशी कमलेश. खुर्चीत, गळ्याला रुमाल बांधून, माझा मुलगा.

‘आजी! आज उशीर!’ तो मराठीत ओरडला.

‘नमस्ते आंटी जी,’ कमलेश म्हणाली. ‘आज परवल है. आप ही समझाओ इसे, मेरी तो सुनता नहीं.’

गिल मॅडम पुढे झुकल्या.

‘ये आपका घर है?’

‘जी.’

‘और ये बच्चा?’

‘...जी.’

‘काकू,’ माझा आवाज कुठून येत होता देव जाणे, ‘तुम्ही मला सांगितलं का नाही?’

‘अगं, तूच ना टॅब आणून दिलास? पहिल्याच दिवशी बोट लागलं आणि तुझं घर उघडलं. म्हटलं, पोरगी मदत मागतेय, तोंडानं मागायला लाजतेय. दुसऱ्या सकाळी त्याच्या भरल्या वाटीसमोर बसून रडत होतीस ना? मी बघितलं. मला नाही राहवलं.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘आणि उभ्यानं जेवत जाऊ नकोस. पण गिल मॅडमची नक्कल मात्र झकास करतेस हो निखिलपुढे!’

गिल मॅडमना मराठी येत नाही. पण ‘गिल मॅडम’ आणि ‘नक्कल’ हे दोन शब्द समजायला मराठी कशाला यायला हवी?

डॉक्टर बावांनी माझ्या हातातला अहवाल हळूच काढून घेतला. शेवटचा परिच्छेद त्यांनी मोठ्यांदा वाचला. इंग्रजीत होता, अर्थ असा: ‘सदर मूल केवळ रहिवाशाच्या कल्पनेत आहे. मी स्वतः सर्व बाजूंनी खात्री केली आहे. असं कोणतंही मूल अस्तित्वात नाही.’ खाली माझी सही, हुद्द्यासकट.

‘मम्मा!’ अस्तित्वात नसलेलं मूल टॅबमधून हात हलवत होतं. तोंडात परवलची भाजी होती.

‘आंटी जी बिल्कुल ठीक हैं,’ डॉक्टर म्हणाले. ‘यहीं रहेंगी, इसी कमरे में.’ मग त्यांनी काकूंचा कागद बाजूला ठेवला, नवा कोरा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

‘मैडम, आप बैठिए ज़रा. नाम?’

मी सांगितलं.

‘आज कौन सा दिन है?’

‘मंगलवार.’

‘बच्चे कितने हैं?’

आणि खोटं कशाला सांगू, उत्तर देण्याआधी मी काकूंकडे बघितलं. काकूंनी डॉक्टरांना दिसणार नाही अशा बेताने एक बोट वर केलं.