पाचव्या तारेवरचा उशीर

खर्जूची गिटार पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास एकच प्रश्न विचारायचा, “बास गिटारीला चार तारा असतात ना? ही पाचवी कशाला?”

“चार पोरांच्या घरात एक थोरला लागतो, त्याशिवाय घर चालत नाही,” खर्जू सांगायचा.

खर्जातलं वाजवतो म्हणून खर्जू. ऑर्केस्ट्रात खऱ्या नावाने त्याला कोणी हाक मारत नसे. आठवडाभर तो शीतगृहात मेकॅनिक होता. गोठलेल्या खोलीत शिरायचं, बर्फाने धरलेला पंखा सोडवायचा आणि बाहेर येऊन तापलेल्या कॉम्प्रेसरशेजारी अंग शेकत बसायचं. रविवारी संध्याकाळी मेहुण्याच्या ऑर्केस्ट्रात बास. रविवारचीही पाळी असली की कामावरून थेट हॉल गाठावा लागे, म्हणून गिटारही यंत्रखोलीत येऊन बसायची, आणि तिथल्या थंड-गरमाने तारा ताणलेल्या लाकडी दांड्याचं, नेकचं, पार धनुष्य व्हायचं. अशा दोन गिटारी कामातून गेल्यावर त्याने ही तिसरी घेतली. जहाजावर वाजवून वाजवून कंटाळलेला एक माणूस वादनच सोडून चालला होता, त्याच्याकडून. हिचा नेक कार्बन फायबरचा. काळाभोर, गुळगुळीत, हाताला गार. ओल लागो, ऊन लागो, बर्फ लागो, केसभरही न हलणारा.

“भाऊजी, विमानाचा पंख कापून आणलात की काय?” मेहुण्याने विचारलं होतं.

“विमान पडेल रे एक वेळ. हा नेक वाकायचा नाही.”

नेक वाकला नाही. बोटं वाकली.

डाव्या तळव्यात कातडीखाली आधी एक गाठ आली, मग दोरीसारखी एक ताठ शीर उमटली आणि ती अनामिका आणि करंगळीला आत ओढू लागली. हाताचे डॉक्टर म्हणाले, “दुखत नाही म्हणून बसून राहू नका. आत्ता ऑपरेशन केलं तर बोटं उघडतील. सांधा एकदा आखडला की मग मी कितीही कापलं तरी उपयोग नाही.” तारीख ठरली. खर्जूने ती रद्द केली. पुन्हा ठरली, पुन्हा रद्द केली. कारण नेमक्या त्याच हंगामात त्याचं वाजवणं कधी नव्हे इतकं रंगायला लागलं होतं.

“इतकं साफ मी उभ्या जन्मात वाजवलं नव्हतं,” तो बायकोला सांगत होता. “गायिका म्हणते, खर्जू, हॉल नुसता दणाणतो. आणि हा डॉक्टर म्हणतो, हात कापून घ्या.”

“पेल्यात करंगळी अडकते तुमची.”

“मला काय पेला वाजवायचाय?”

बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. रविवारी त्या भागात तेवढं एकच दुकान उघडं, त्यामुळे नवऱ्याचा कार्यक्रम ऐकून तिला कित्येक वर्षं झाली होती. तिने ऐकलेला खर्जू घरातला. स्पीकर न लावता तो गिटारीची कड स्वयंपाकघरातल्या लाकडी कपाटाला टेकवून वाजवायचा. मग अख्खं कपाट घुमायचं. पाचव्या, सगळ्यात जाड तारेवर उतरला की आतल्या बशा किणकिणायच्या. ती कणीक मळता मळता म्हणायची, “वाजवा, वाजवा, बशा फुटल्या की नव्या घेऊ.” एका संथ गाण्यात तिसऱ्या कडव्यानंतर तो वरून घसरत पाचव्या तारेवर यायचा. तिथे बशा नेहमी जराशा उशिरा किणकिणायच्या. ती गुणगुणत असलेल्या ओळीने पाऊल टाकलेलं असायचं आणि मग मागून दार लोटून कोणी यावं तसा तो सूर यायचा.

एका रविवारी रंगकामासाठी दुकान बंद होतं. न सांगता ती हॉलवर गेली आणि मधल्या रांगेत बसली.

खर्जू रंगमंचावर डाव्या अंगाला उभा होता, त्याच्या मागे मेहुणा कीबोर्डवर. बास खरोखरच दणदणत होता, खुर्चीच्या पाठीतून अंगात शिरत होता. तिला अभिमान वाटला. नवऱ्याशी उगीच हुज्जत घातली असंही वाटलं. मग ते संथ गाणं आलं. तिसरं कडवं संपलं, आणि सूर वेळेवर आला.

ती चपापली. नजरचूक असेल, कानचूक असेल. शेवटच्या कडव्यानंतर तीच जागा पुन्हा यायची होती. या वेळी तिने त्याच्या हातावर डोळे लावले. वाकलेली बोटं नेकवरून धडपडत खाली आली, आणि हात पोचायच्या आधीच सूर पोचलेला होता.

तिने भावाकडे पाहिलं. त्याचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर होता.

मध्यंतरात तिने त्याला मागच्या बोळात गाठलं.

“ताई! तू कशी काय इकडे?”

“बास कोण वाजवतंय?”

“कोण म्हणजे? भाऊजी.”

“लहानपणी खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे. अजून होतात.”

त्याने नकळत कान चाचपले. मग भडाभडा बोलला. “हॉलवाले म्हणाले, बास बेसूर लागतोय, माणूस बदला. मी भाऊजींना बदलू? त्यांनी मला पहिला कीबोर्ड घेऊन दिला, ताई! मग साऊंडवाल्याला सांगितलं, त्यांचा आवाज हॉलमध्ये सोडू नकोस. त्यांच्यामागचा छोटा स्पीकर चालू असतो, त्यात हॉलचा दणका मिसळतो आणि सगळं त्यांना आपलंच वाटतं. बाहेर माझा डावा हात जातो. कोणाचं काय बिघडलं?”

“त्यांचा हात बिघडला. आपण झकास वाजवतोय, असं वाटतंय त्यांना. म्हणून ऑपरेशन टाळतायत.”

“ते म्हणाले होते, डॉक्टरनेच पुढे ढकललंय.”

“आणि तू विश्वास ठेवलास.”

“त्यांनीही माझ्यावर ठेवलाच ना?” तो कसाबसा हसला. “ताई, तूच सांग त्यांना. माझी जीभ रेटणार नाही.”

“भीड भिकेची बहीण म्हणतात ती हीच,” ती म्हणाली आणि उरलेला कार्यक्रम न ऐकताच घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, खर्जू डबा भरून निघायच्या बेतात असताना, तिने एका दमात सांगून टाकलं. त्याच्या गिटारीचा आवाज हॉलमध्ये सोडतच नाहीत, भाऊ वाजवतो, हॉल दणाणतो तो त्याच्या डाव्या हाताने.

खर्जू आधी हसला. “तुला बासमधलं काय कळतं गं? खोकल्याची बाटली आणि तापाची बाटली, एवढंच कळतं तुला.”

“बासमधलं मला काहीच कळत नाही. मला तुम्ही कळता. त्या संथ गाण्यात तुम्ही खालच्या तारेवर येताना जरासे उशिरा येता. काल कोणी उशिरा आलंच नाही.”

हॉलचं, मेहुण्याचं तो काही बोललाच नाही. म्हणाला, “मी उशिरा येतो?”

“अहो…”

“बोटं वाकल्यापासून?”

तिने ओटा पुसायला घेतला.

“विचारतोय मी. बोटं वाकल्यापासून की आधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“आणि इतक्या वर्षांत कोणी बोललं नाही?”

“मला आवडायचं ते,” ती म्हणाली. “तुम्ही आल्यासारखं वाटायचं.”

त्याने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसलं नव्हतं, तसाच डबा पिशवीत टाकून तो निघून गेला. आठवडाभर घरात गिटार खोळीतून बाहेर आली नाही. मेहुण्याचे फोन आले, ते त्याने घेतले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. रविवारी मात्र नेहमीसारखा शर्ट घातला आणि गिटार खांद्याला लावून हॉलवर गेला. बायकोच्या बोलण्यावर त्याचा अजून विश्वास नव्हता, किंवा ठेवायचा नव्हता.

संथ गाण्याचं दुसरं कडवं चालू असताना त्याने वाकलेला हात उघडेल तेवढा उघडला आणि पाचही तारांवर आडवा ठेवला.

मागचा छोटा स्पीकर मुका झाला. हॉल झाला नाही. बास चालूच होता, भरीव, नेमका, एकही जागा न चुकवणारा. पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळे मिटून त्यावर मान डोलावत होत्या. तिसरं कडवं संपलं, सूर घसरत खाली आला आणि अगदी वेळेवर पोचला.

खर्जूने मागे वळून पाहिलं नाही. आपण पाहिलं तर पोराचा हात अडखळेल आणि गाणं पडेल, हे त्याला माहीत होतं. पण नुसतं उभं राहणंही लोकांना दिसलं असतं. म्हणून तारांना स्पर्श न करता तो त्यांच्यावरून बोटं फिरवत राहिला, मान हलवत राहिला, गायिका वळली तेव्हा तिच्याकडे बघून हसलासुद्धा. उरलेला सगळा कार्यक्रम त्याने असाच केला.

वायरी गुंडाळताना मेहुणा समोर येऊन उभा राहिला. “भाऊजी…”

“छान वाजवलंस,” खर्जू म्हणाला. “वेळेवर.”

“मी उद्याच सोडतो हे सगळं. तुम्ही वाजवा, हॉलवाले गेले खड्ड्यात.”

“वेडा आहेस का? गाणारीने काय वाऱ्यावर गायचं?” त्याने मेहुण्याच्या पाठीवर हात ठेवला. तो सपाट ठेवता येईना, मूठ ठेवल्यासारखा झाला.

त्यानंतर डॉक्टरांकडे जाण्यावरून घरात वाद झाला नाही. बायकोने वेळ घेतली, तो मुकाट्याने गेला. डॉक्टरांनी हात टेबलावर पालथा ठेवायला लावला. करंगळी मध्येच कमान करून उभी राहिली.

“उशीर केलात,” डॉक्टर म्हणाले. “अनामिका बऱ्यापैकी उघडेल. करंगळीचं वचन देत नाही. आणि नंतर व्यायाम चुकवायचा नाही. या हाताने काय काय करता? सगळं सांगा, म्हणजे व्यायाम कशासाठी द्यायचे ते मला ठरवता येईल.”

“पाना धरतो. व्हॉल्व्ह फिरवतो.”

“अजून?”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या हाताच्या हाडांच्या चित्राकडे बघत होता, बोटाचे सांधे एकेक मोजल्यासारखा.

“डॉक्टर, हे ना…” ती म्हणाली.

“पाना,” खर्जू म्हणाला. “पाना धरता आला म्हणजे झालं.”

डॉक्टरांनी तेवढं लिहून घेतलं.