गळाचा उलटा काटा

किती जणांना तेच तेच सांगायचं? महाशीर माशासाठी मी गळावर पिसांची वीतभर नकली माशी बांधते, तेव्हा गळाचा उलटा काटा पकडीने दाबूनच टाकते. मासा परत पाण्यात सोडताना तोंड फाटत नाही त्याचं. तरी तुम्हा गिऱ्हाइकांचं चालूच, "ताई, काटा राहू द्या ना यार, मोठा मासा निसटतो!"

आज दुपारी सुकत ठेवलेली माशी माझ्या नातीने पाखरू समजून तोंडात घातली. गळ ओठात घुसला. सून रडत कॅब शोधायला लागली. मी पोरीला मांडीवर घेतलं आणि गळ आला तसा मागे ओढला. अलगद सुटला! डॉक्टर म्हणाले, टाकासुद्धा नको.

काटेवाली ऑर्डर देणाऱ्यांनो, अजून तशीच हवी? रविवारपर्यंत इथेच सांगा.