गंजावर हात बसलेल्या मावशी

अख्खा बाजार त्यांना मशीनवाल्या मावशी म्हणायचा. शिलाई मशीन कितीही अडलेलं असो, मावशी एकदा चाक फिरवून कान देत आणि दुखणं सांगून टाकत. गंजाशी तर त्यांचं हाडवैर! घासा, पुसा, तेल द्या, मिटलं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बोटं सुजली. सकाळी तास-तास मूठ वळेना. आमवात निघाला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, "शरीराची राखण करणाऱ्या पेशीच सांध्यांवर उलटल्यात. त्या भडक्यात ऑक्सिजनचे जहाल कण तयार होतात. त्यांना आवरणारी अँटिऑक्सिडंट शरीरात असतात, पण ती कमी पडतात." आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लिहून दिली.

मावशींच्या कानात शिरले ते दोनच शब्द, ऑक्सिजन आणि अँटिऑक्सिडंट. म्हणजे गंज आणि त्यावरचं तेलच की! आता गंजातलं मावशींना कुणी शिकवावं? गोळीनं मळमळायचं, म्हणून ती त्यांनी परस्पर बंद केली. अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल आणल्या. जोडीला रोज दुखणं थांबवणारी गोळी. बोटं निमूट कामाला लागली.

"बघ, तेल लागलं!" त्या सुनेला ऐटीत म्हणाल्या.

मग एक दिवस सुईचा बारकासा स्क्रू हातातून सुटला. एकदा, दोनदा, पाचदा. सुनेनं त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा एक्स-रे शेजारीशेजारी लावला. अगं आई गं! हाडांच्या कडा कुरतडल्या होत्या.

"पण दुखत नव्हतं हो!"

"दुखणं दाबलं होतं तुम्ही. आतली आग चालूच होती. कॅप्सूलनं फार तर चार ठिणग्या टिपल्या असतील. आग आवरायला ती आठवड्याची गोळी होती."

"मग आता भरून येईल ना?"

"गेलेलं हाड परत येत नाही, मावशी. उरलेलं वाचवू."

वाटेत सून दोनदा काही बोलली, मावशींना ऐकूच गेलं नाही. आपल्याच हातानं आपला हात घालवला, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक मशीन घेऊन थांबलं होतं. मावशींनी स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि सुनेच्या हातात दिला.

"खोल. मी सांगते तसं."

"अहो आई, मला नाही येत!"

"मला तरी आता कुठे येतंय, बाळा?"