बबनची शिडी घसरत नाही

कॉलेज सोडून जमाना झाला, पण घारपुरे सरांच्या कॅल्क्युलसचे किस्से संपत नाहीत. चार जुने दोस्त चहाला बसले की प्रत्येकाकडून एकेक निघतोच. जो जास्त वेळा नापास, त्याच्याकडे जास्त साठा!

सी.पी.चे, म्हणजे जुन्या मध्य प्रांताचे दिवस. जबलपुरात आमचा बी.एस्सी.चा वर्ग. सरांचा जीव एकाच प्रकारच्या गणितात: एक गोष्ट अमुक वेगानं बदलते, तर तिला बांधलेली दुसरी किती वेगानं बदलेल? गळणारा हौद, घसरणारी शिडी, चालणाऱ्याची सावली.

एकदा सर घरून रॉकेलचं नरसाळं घेऊन आले. "हा शंकू. पाणी एकसारखं गळेल, पण तळाशी पातळी भरभर उतरेल. बघा!" बोट काढलं. पातळी कोणीच पाहिली नाही, कारण पाणी थेट हजेरीपटावर! शाई पसरली. त्या महिन्यात आम्ही सगळे हजर.

मग सावलीचं गणित. संध्याकाळी राइट टाउनमधल्या दिव्याखालून मी चालत सुटलो आणि बबन माझ्या सावलीच्या टोकाशी खडूनं खुणा करत पळाला. हवालदारानं हटकलं, "क्या हो रहा है?"

"परछाईं की रफ़्तार नाप रहे हैं, जी."

"अच्छा! तो पकड़ी गई कि नहीं?"

हा बबन जबलपूरजवळच्या पाटणचा. वडिलांचं धान्याचं दुकान. दोनदा नापास झाल्यावर त्यांनी बजावलं होतं, "यंदा परीक्षेला नाही बसला, तं गल्ल्यावर येऊन बस." आणि परीक्षेच्या फॉर्मवर सही घारपुरे सरांची लागायची. बबनला दुकानाचं नाव काढलं तरी रडू येई. पण शिडीचं गणित सुटल्याशिवाय सर सही देईनात.

त्याची चूक ठरलेली. सर ओरडायचे, "आधी अक्षरं, मग डेरिव्हेटिव्ह, आकडे मागून!" बबन आकडे आधी घालायचा. आकडा घातला की बदलणारं गोठलं, मग वेग कुठला? दर वेळी उत्तर शून्य.

"काहून रे बबन, तुझी शिडी कधी घसरतच नाही?"

"मजबूत आहे, सर!"

सरांनी फॉर्म परत केला. बबन तो कोराच खिशात घेऊन हिंडत होता. शेवटची तारीख दोन दिवसांवर.

त्याच संध्याकाळी चेरीताल मोहल्ल्यात आमच्या गणपतीचा मांडव सजत होता. तोरण वाकडं दिसलं म्हणून सर स्वतः शिडीवर चढले. जमीन नुकतीच सारवलेली. शिडीचा पाय सरकायला लागला! आम्ही नुसते बघत राहिलो. बबननं मात्र धाव घेतली, खाली बैठक मारली आणि दोन्ही पाय शिडीला लावले.

वर सरांनी डोळे गच्च मिटलेले. "बबन! किती वेगानं घसरून राहिली रे?"

"शून्य, सर!"

सर एकेक पायरी करत उतरले, टोपी सरळ केली. "फॉर्म आण."

"सर, कोरा आहे. रोल नंबर, वर्ष, काहीच नाही भरलं."

"आण इकडे. सही आधी. आकडे मागून!"